उभ्याने घेतलेला चहा

चूक माझीच होती. माझ्या बायकोने, नीलिमाने, सायकल चालवायला सुरुवात केली, तेव्हा मी कौतुकाने माझी आवडती अरुंद, टणक सीट काढून तिच्या सायकलला बसवली. "टोचते हो," ती म्हणाली. मी म्हणालो, "होईल सवय."

परवा आमच्या सायकल गटाबरोबर पानशेतच्या रस्त्यावर चहाला थांबलो. सगळे बाकांवर टेकले. नीलिमा मात्र उभ्यानेच चहा पीत होती.

"काकू, बसा की," गटातली एक मुलगी म्हणाली.

"नको गं, इतका वेळ बसूनच तर आले!"

मुलीने नीलिमाच्या सायकलची सीट चाचपली. "अहो, ही पुरुषांची! आपल्याला मागे रुंद लागते. माझी सायकल चालवून बघा."

नीलिमा एक फेरी मारून आली. चेहरा सैलावला होता. इतके महिने तिच्या आवळलेल्या ओठांना मी चढाचा त्रास समजत होतो.

चहात साखर किती, पंखा किती जोरात, सगळं आपण स्वतःवरून ठरवतो आणि मायेने दुसऱ्याला देतो. घेणारं माणूस निमूट सोसतं, कारण देणाऱ्याचा आनंद त्याला मोडवत नाही. नीलिमाने तर माझा तो आनंद दर रविवारी सोसला.

घरी आल्यावर मी ती सीट काढायला बसलो. ती म्हणाली, "राहू दे हो, दमला असाल."

पाना तसाच हातात धरून म्हणालो, "नीलू, तू सांगत होतीस आणि मी ऐकलंच नाही. चुकलं माझं."