ससा धरणारा

नव्वदच्या दशकात आमच्या सुरतच्या प्रयोगशाळेत ससे सांभाळणारा एक खानदेशी गडी होता. पांडेसऱ्यात शिंकला तर कोसांवरच्या पलसाण्यात लोक दचकायचे, असा दांडगा. पण प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, रक्त घ्यायला एका सशाच्या कानाला सुई लावत, तेव्हा डोळे हाच मिटायचा. डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो, त्या हिस्टोन प्रथिनावरची मिथाइल या रासायनिक गटाची बारीक खूण ओळखणाऱ्या अँटिबॉडी त्या सशाच्या रक्तातून मिळत.

एके दिवशी सर म्हणाले, "या सशाचं काम झालं. आज सगळं रक्त काढू." म्हणजे ससा संपला.

यानं तो छातीशी धरला. "सायेब, ही बाटली सरनी, मंग अशी दुसरी कोठून आनशात?" रक्ताची ही बाटली संपली की तशी दुसरी कुठून आणणार, असं त्याचं म्हणणं.

दुसऱ्या सशाच्या रक्तात अशीच नेमकी अँटिबॉडी मिळेल, याचा भरवसा सरांनाही नव्हता. "बरं, नेहमीएवढंच," ते म्हणाले.

त्या दिवशी मात्र यानं डोळे टक्क उघडे ठेवले. सर चार थेंब जास्त घेतात की काय, यावर पहारा!