तात्यांच्या बांधावरची गाडीवाट

जगात कुठंही काहीही बिनसलं की तात्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "वाट कुणाच्या रानातनं जाती?" सोयरिकी मोडू देत, ऊसतोड रखडू दे, नाहीतर टीव्हीवर दोन देश एकमेकांवर उठू देत, भांडणाच्या मुळाशी वाट असते असं त्यांचं ठाम मत होतं. सुएझ कालवा म्हणजे काय ते मी त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "म्हंजी सगळ्या जगाची गाडीवाट एकाच्याच बांधावरनं? अवघड हाय." आणि पुन्हा तंबाखू मळायला लागले.

या विषयात त्यांचा अधिकार मोठा होता, कारण माझी वाट त्यांनीच अडवलेली होती. निमगाव केतकीच्या अलीकडं, डांबरी रस्ता आणि माझी द्राक्षबाग यांच्या मधोमध तात्यांचं रान. गंमत म्हणजे बाग लावायला मला त्यांनीच शिकवलं. छाटणी कुठल्या डोळ्यावर घ्यायची, विरळणी करताना हात कुठं आखडायचा, सगळं त्यांचंच. घड हातात घेतला की ते मणी बघायचे नाहीत, देठ बघायचे. "मणी खोटं बोलतो, देठ न्हाय," म्हणायचे. पण माल काढायला आला आणि गाडी बागेपर्यंत आणू का विचारलं, की याच माणसाचा चेहरा दगडासारखा व्हायचा. "पायवाट हाय, गाडीवाट न्हाय."

मग मी कॅनॉलच्या कडेनं वळसा घालायचा. खड्ड्याखड्ड्यांतून ट्रॅक्टर, ट्रॉलीत क्रेट आणि क्रेटच्या तळाला गळालेले मणी. दर हंगामात मी तणतणत त्यांच्या ओट्यावर जायचो, तोंडाला येईल ते बोलायचो. ते सगळं ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "बघू की." दुसऱ्या दिवशी सकाळी बांध फिरून बाभळीच्या काट्या परत नीट लावून यायचे. एकदा मी असाच भांडून निघालो तर मागून हाक आली, "बापू, क्रेटमधी खाली कागद जरा जास्त घाल. मणी कमी गळत्यात." वाट अडवणारा हाच, आणि वर वळशाचा उपाय सांगणाराही हाच. अशा माणसाशी धड वैरही धरता येत नाही, याचाच मला जास्त संताप यायचा.

मग तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली आणि त्यांच्या येण्याजाण्याचा काही मेळच राहिला नाही. तात्यांची द्राक्षं बारामतीच्या पॅकहाऊसमधून निघाली आणि कंटेनर उरणकडच्या बंदरात अडकून पडला. न्यायला जहाजच आलं नव्हतं. तात्या म्हणाले, "आपला माल कुठं बसलाय त्यो तरी बघू." मी गाडी काढली.

बंदराच्या गेटातून आत कोण सोडतंय आम्हाला? बाहेरच्या एका ऑफिसात माल पाठवणाऱ्या एजंटाचा माणूस भेटला. तो बिचारा सांगत होता, की जागा सरकारची आहे, पण धक्का चालवायला परदेशी कंपनीकडं आहे, जहाज तिसऱ्याच देशाचं आहे आणि ते कधी येणार ते तिकडूनच ठरतं.

"म्हंजी बंदर खंडानं दिलंय व्हय?" तात्यांनी विचारलं.

"तसंच म्हणा."

"मग खंडकऱ्याला बोलवा. मी बोलतो त्याच्याशी."

"आबा, ते इकडं नसतात. आम्हीही कधी पाहिले नाहीत."

भांडायला आलेल्या माणसाला समोर माणूसच मिळू नये, हे तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असावं. परत येताना भिगवणला चहाला थांबलो तेव्हा ते पुटपुटले, "बांधाला तहसीलदार तरी हाय. समुद्राला कोण हाय?"

मला राहवलं नाही. म्हणालो, "तात्या, माझी आफ्रिका तुमच्याच बांधावर हाय."

"त्यो मामला येगळा."

कप खाली ठेवून ते गाडीत जाऊन बसले.

द्राक्षं पोचली, पण फार उशिरा. तिकडच्या खरेदीदारानं मोबाईलवर फोटो पाठवला. तात्यांनी मला फोटो मोठा करायला लावला आणि देठ बघितला. काळा पडून वाळला होता. "गेला," एवढंच म्हणाले.

पुढच्या हंगामात एका सकाळी बांधावरच्या काट्या बाजूला ओढलेल्या दिसल्या. तात्या तिथंच उभे होते. "या खेपेला आण गाडी. पर वहिवाट समजू नगंस." मी म्हटलं, तात्या, एकदा कागद करून टाकू. तर माझ्यावरच डाफरले, "माझा शब्द हाय की. कागद कशापायी? मी कुठं चाललोय?"

श्रावणात ते गेले. झोपेतच गेले, कुणाला काही सांगायला सवड न मिळता.

पोरं पुण्याला. त्यांनी रान बाहेरच्या पार्टीला विकलं. सातबाऱ्यावर नाव एकाचं, पैसा म्हणे दुसऱ्याचा. महिन्याभरात तारेचं कुंपण झालं, लोखंडी गेट लागलं. राखणीला ठेवलेला माणूस कुठल्या लांबच्या मुलखातला आहे आणि स्वभावानं चांगला आहे. रोज एकच वाक्य बोलतो, "साहेबांना विचारावं लागेल." साहेब कुठं असतात? दुबईला. तहसीलला अर्ज दिलाय, तारखा पडतायत.

मला खरा राग या साहेबाचा येत नाही. ज्याला पाहिलं नाही त्याच्यावर रागवायचं तरी कसं? राग येतो तात्यांचा. वर्षानुवर्षं मी त्यांच्या ओट्यावर जाऊन भांडलो, आणि शेवटी वाट दिली ती तोंडी.

यंदाचा माल काढायला आलाय. काल सकाळी गेटापाशी जाऊन उभा राहिलो. भांडायची सगळी वाक्यं तयार होती, पण ऐकून घ्यायला, चहा पाजायला, "बघू की" म्हणायला पलीकडं कुणी नव्हतं. माघारी आलो. क्रेटमध्ये खाली कागद जरा जास्त घातला आणि कॅनॉलच्या वाटेला लागलो.