गढीची पांढरी माती

वडूजकडच्या आमच्या गावात गढी म्हणजे आता नुसता मातीचा डोंगर. भिंती, बुरूज कधीच ढासळले. पण तिची पांढरी माती माळवदावर टाकली की घर गळत नाही, म्हणून उन्हाळा सरताना सारं गाव पाट्या घेऊन तिथं लोटतं. वरची माती दगडासारखी, पोटातली मऊ. मग वर चढून खणायचे कष्ट कोण घेतो? सगळ्यांनी वर्षानुवर्षं खालूनच कोरत नेलं, पार गुहा झाली. धडधाकट बाप्ये पारावर बसणार आणि त्या बिळात शिरणार बायका! आजही डोकं फिरतं माझं.

त्या दुपारी माझी थोरली जाऊ आत खणत होती, मी बाहेर पाट्या ओतत होते. अक्का म्हणायचे मी तिला. "एवढी शेवटची, मग जाऊ घरला," ती आतून म्हणाली. मी पाठ फिरवली न् मागं धप्पकन आवाज झाला. वळून बघते तर गुहाच नाही. नुसता धुरळा.

मी बोंब ठोकली. गाव धावलं. कुणीतरी जेसीबी आणला. त्याचे लोखंडी दात मी बघितले. मी सरळ त्याच्यापुढं आडवी झाले.

"मशीन लावू नगा! चिरडंल ती! हातानं काढा!"

"आवं वैनी, एवढी माती हातानं कवा निघायची?" ड्रायव्हर ओरडला.

त्याचंही खरं होतं. मशीन लावावं तर चिरडणार, न लावावं तर गुदमरणार. देवा, वैऱ्यावरही अशी वेळ आणू नको! शेवटी वरचा ढीग मशीननं ओढला, खालची माती आम्ही हातानं उपसली. खोरं मारायचीही भीती वाटत होती. मी परातीनं उपसत होते, नखांनी उकरत होते, हाका मारत होते, "अक्का, ओ द्या की वं!"

आधी हात लागला. गरम होता.

"जित्ती हाय! जित्ती हाय अक्का!" मी किंचाळले.

मग तोंड मोकळं केलं. तोंडात मातीच माती. बोट घालून काढली, परत आली, परत काढली. पलटणीतून सुट्टीवर आलेला शेजारचा एकजण तिची छाती दाबत राहिला. मग थांबला. नाडी बघितली.

"वैनी, बास करा आता," तो म्हणाला.

"तुमी व्हा बाजूला," मी म्हटलं. "अजून माती हाय आत."