पान एकवीसवरचं कुटुंब

जे पुस्तक कुणी धड वाचत नाही, त्याचेच किस्से जास्त साठतात. कादंबरी घेतलेला माणूस परत तोंड दाखवत नाही. पण 'घरखर्चाचं सॉफ्टवेअर : पहिली पायरी' घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी हजर! चिडलेला, आणि बहुतेक साठीच्या पुढचा.

पुस्तक मी लिहिलंय. कव्हरवर नाव जाधव सरांचं. लहरीपुऱ्यात त्यांचा कॉम्प्युटर क्लास आहे. पाचव्या सेमिस्टरला इंजिनिअरिंग सोडून मी तिथे चिकटलो. कॉलेज सोडलेल्याचं पुस्तक कोण घेणार, असं सरांचं म्हणणं. एकदा भर क्लासात कुणीतरी विचारलं, बजेटचा तक्ता कसा काढायचा? लेखक महाशय दोन मिनिटं पानं उलटत राहिले. मग तिथूनच मला हाक : "अरे, मी ते कुठे लिहिलंय?"

*

देशमुख काकूंचं बाराव्या पायरीला काहीतरी चुकायचंच. चुकलं की त्या सगळं पुसून पुन्हा पहिल्या पायरीपासून. म्हटलं, काकू, चुकलंय तेवढंच दुरुस्त करा. तर म्हणाल्या, "पूजा मोडली की पुन्हा संकल्पापासून करतात."

तीन महिन्यांचा कोर्स संपला. तेरावी पायरी त्यांनी अजून पाहिलेली नाही.

*

मोहिते काका. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, हे फी भरायच्या आधी सांगून झालेलं. त्यांनी दोन फाइली केल्या. एक खरी, एक काकूंना दाखवायची. काकूंना बोलायचं नाही, अशी मला तंबी.

मोहिते काकू दुपारच्या बॅचला येतात. आठवड्याने त्याही जवळ सरकल्या. "दीकरा, बाळा, माझीपण एक दुसरी फाइल कशी उघडायची रे? आणि काकांना बोलू नकोस हं."

आणि ही माणसं आम्हाला शिकवणार, घरात काही लपवू नये म्हणून.

*

पान एकवीसवर नमुन्याचं कुटुंब आहे. पायरी सात : कुटुंबातील सदस्य भरा. दिनकर शिर्के, कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त, राहणार हरणी. पत्नी शोभा. मुलगी पुण्याला. बस, तीनच जण. खाली मी ठळक अक्षरांत लिहिलंय, इथे आपली नावं घाला.

कोण वाचतो? पहिल्या बॅचला चौदा कॉम्प्युटरवर चौदा दिनकर शिर्के! त्यातले एक जोशी काका, बँकेतले निवृत्त ऑफिसर. त्यांना म्हटलं, काका, तुमचं नाव घाला ना.

"पुस्तकात शिर्के आहे," काका म्हणाले. "तुला पुस्तकापेक्षा जास्त कळतं का?"

हे कुटुंब मी कुठून आणलं, ते क्लासात कुणाला माहीत नाही. ते पान लिहायच्या आदल्या दिवशी आमच्या हरणीच्या घरी बाबांचे रिफायनरीतले जुने सोबती आले होते. मुलाबाळांची चौकशी झाली. बाबा म्हणाले, "मुलगी पुण्याला असते." आणि चहा ओतायला लागले. मी आतल्या खोलीत होतो. मग मीही पुस्तकात तेवढंच लिहिलं. नावं बदलली, बाकी घर आमचंच.

*

बाबा तीस वर्षं प्लांटमध्ये. तिथली शिस्त अशी की कामाची पुस्तिका समोर ठेवायची आणि प्रत्येक पायरीला टिक करायची. पुस्तिकेबाहेर काही करावं लागलंच, तर समासात कारण लिहून खाली सही. घरी मिक्सर आणला तेव्हा पुस्तिका वाचून होईपर्यंत त्यांनी प्लग लावू दिला नाही. चार दिवस आई नवा मिक्सर शेजारी ठेवून पाट्यावर चटणी वाटत होती.

पुस्तक छापून आलं, तेव्हा एक प्रत टीव्हीपाशी ठेवली. मी लिहिलंय, एवढंच बोललो. त्यांनी कव्हर बघितलं. "नाव जाधवांचं दिसतंय." विषय संपला.

दिवाळीनंतर आईकरवी त्यांनी माझा जुना लॅपटॉप मागून घेतला. रविवारी मी घरी असलो की बंद दारामागून एका बोटाचं टायपिंग ऐकू यायचं. चार-पाच टकटक, मग लांबलचक शांतता. अडले असायचे. कुठे अडले असतील ते मी पानासकट सांगितलं असतं. जोशी काकांसाठी मी तासात दहा वेळा उठायचो. इथे मात्र ठरवून बसलो होतो, विचारतील तर सांगेन. त्यांनीही ठरवलं असणार, सांगायला येईल तर विचारेन. बापलेकांत तेवढं एकच साम्य.

होळीच्या आधी बाबा गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त.

*

परवा आईला पेन्शनची कुठलीशी नोंद हवी होती, म्हणून लॅपटॉप उघडला. फाइलमध्ये आमच्या घरातलं एक अक्षर नाही. सगळं पुस्तकातलं, जसंच्या तसं. शिर्क्यांचं दूध, शिर्क्यांचं लाइट बिल. पंधरावे दिनकर शिर्के माझ्याच घरात! मी हसलोसुद्धा.

मग सदस्यांची यादी उघडली. पुस्तकात तीन होते. इथे चार.

पुस्तक टेबलाच्या खणात होतं. प्रत्येक पायरीपुढे पेन्सिलीची टिक. पान एकवीसला, पायरी सातपुढे टिक नाही. समासात बाबांचं प्लांटमधलं बारीक अक्षर :

'येथे मुलगा लिहायचा राहून गेला आहे. दुरुस्ती केली.'

खाली सही.