बापाची कणगी

तोंगोच्या डोंगराखाली आमच्या गावात बाप जिवंत असेपर्यंत थोरल्या मुलाने त्याच्या धान्याच्या कणगीत डोकावायचं नाही. धाकट्याने खुशाल आत उतरावं. थोरल्याची नजर पडली की बापाचा जीव जातो म्हणतात. बाप गेला, त्याचं उत्तरकार्य झालं, की थोरल्याला हाताला धरून कणगी दाखवतात. मग शेत त्याचं, आणि पूर्वजांना बोकड देण्याचा मानही त्याचा. थोरला यिनबिल या दिवसाची वाट पाहत पन्नाशीला आला. म्हणजे आपण बाप मरायची वाट पाहतोय, हे त्याला कळायचं, आणि स्वतःचीच लाज वाटायची.

त्या वर्षी पेरण्या झाल्या आणि घरातली बाजरी आटली. धाकटा भाऊ आतांगा दक्षिणेला कोकोच्या मळ्यावर मजुरीला गेलेला. म्हातारा बाप कोलोगो स्वतःच शिडी लावून कणगीत उतरायचा, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा कमी बाजरी वर यायची. एका सकाळी म्हाताऱ्याला अंथरुणातून उठवेना.

"लेकरं कालपासून पाण्यावर आहेत," यिनबिलची बायको तिपोका म्हणाली. "तुम्ही बसा रीत सांभाळत."

"शेजारच्या पोराला चढवतो."

"चढवा. म्हणजे आपल्या घरात काय शिजतं ते गावभर होईल."

यिनबिल शिडी चढला. गवताचं झाकण सरकवून त्याने आत पाहिलं. एक दाणा नव्हता. मातीच्या भिंतीवर म्हाताऱ्याच्या बोटांचे ओरखडे होते. आपला घास नातवंडांना वाढून तो कितीतरी दिवस उपाशी झोपत होता. यिनबिल खाली उतरून आत गेला, तोवर बाप संपला होता.

भुकेने गेला म्हातारा, दुसरं काय? पण यिनबिलला हे कोण पटवणार!

उत्तरकार्याला आतांगा परत आला. भूमीचा पुजारी कातडं पांघरून पुढे झाला आणि त्याने यिनबिलचा हात धरला. तिपोकाने डोळ्यांनीच दटावलं. गप्प राहिला असता तर कोणाच्या बापाला कळलं नसतं.

"मी आधीच पाहिलंय," यिनबिल म्हणाला. "बा जिवंत होता तेव्हा."

"गाढवा," पुजारी हळूच म्हणाला, "मला कशाला सांगितलंस?"

"तुम्हाला नाही सांगितलं. बाला सांगितलं."

गावप्रमुखाने रदबदली केली, लेकरं उपाशी होती म्हणाला. पण जमिनीच्या बाबतीत प्रमुखाचं चालत नाही. बापाला ओलांडणाऱ्याच्या हातचं पूर्वज घेत नाहीत, असं सांगून पुजाऱ्याने त्याचा हात सोडला आणि आतांगाचा धरला. आतांगा शिडी चढताना लहान पोरासारखा रडत होता.

यिनबिल आता भावाच्या शेतात राबतो. आतांगा त्याला दादाच म्हणतो, काही कमी पडू देत नाही. यिनबिलच्या थोरल्याला मिसरूड फुटलीय. त्याच्या वयाचे थोरले बापाच्या ताटाला शिवत नाहीत, बापाची टोपी डोक्यावर घेत नाहीत. हा दोन्ही करतो, आणि कोणी त्याला अडवत नाही.

एकदा यिनबिलला राहवलं नाही. "माझ्या ताटात जेवू नये रे. तू थोरला आहेस."

पोरगं हसलं. "मग काय झालं, बा? तुझ्यामागं मला मिळायचंय काय?"

तो वाईट बुद्धीने बोलला नव्हता. यिनबिलने ताट त्याच्याकडे सरकवलं.