के ते पासा

हे मी कुणाला सांगितलेलं नाय. लेकाला नाय, सुनेला नाय. नमाज पढून हात वर केले तरी तोंडाशी आलं नाय – वाटायचं, अल्लाला ठाऊकच आहे, परत कशाला बोलायचं? तुला सांगते. कसं सांगायचं ते मात्र ठरवलेलं नाय.

आता मी इथं आखातात, मुहर्रकला लेकाकडे असते. तो विमानतळावर सामान चढवायच्या कामाला, सून दुकानात. नातवंडं शाळेतून येतात, मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमधे काहीतरी बोलून खोलीत जातात. मग घरात मी आणि फ्रिजचा आवाज. असं गप्प बसलं की ती आठवते.

कोण ती? आबोली.

नाव ते नव्हे तिचं. मी आधी इथंच जनाबियाला एका बंगल्यात कामाला होते. मालकीण स्पेनची. तिचा बाप वारला तशी आईला तिनं इकडे आणलीन, आणि तिच्या सोबतीला मला ठेवलीन. फक्त म्हातारीसाठी, दुसरं काम नाय. घरातली पोरगी तिला आबुएला म्हणायची – म्हणजे आजी. मला आबोली ऐकू आलं. मी तेच म्हणायला लागले, ती ओ द्यायची. मला ती अमिदा म्हणायची. हमीदामधला ह त्या लोकांच्या जिभेवर येत नाय.

एकदा गावावरनं फोन आला, माझी बहीण गेली. रजा मागायची हिंमत नव्हती. मी कपड्याला इस्त्री करत रडत होते. आबोली काठी टेकत आली नि म्हणाली, "के ते पासा?" मला ऐकू आलं, किती पैसा. माझं डोकंच फिरलं. माझी बहीण गेली नि ही मला पैसा विचारते? मी म्हटलं, "पैसा मफी. पैसा नको मला." ती परत तेच. मी परत तेच. शेवटी मॅडम धावत आली, ऐकून कपाळाला हात लावलान. "अमिदा, नो मनी. मामा आस्क, व्हाय यू सॅड." मामा म्हणजे तिची आई.

तुला काय झालं – एवढंच विचारत होती ती. या मुलखात येऊन मला किती वर्षं झाली होती, पण तोवर कुणी विचारलंन होतं का? मी खाली बसले. तिनं माझं डोकं पोटाशी धरलंन. तिच्या झग्याला साबणाचा वास होता.

तेव्हापासनं ते तीन शब्द मला येतात. हे लक्षात ठेव. येत होते मला.

पुढे आबोलीच रडायला लागली. आवाज नाय काय नाय – खिडकीशी बसायची, समोर कंपाउंडची भिंत, एसीचे डबे. डोळ्यातनं नुसतं गळायचं. थंडीतला जाड कोट घेऊन आली होती, इथं त्याचं काय काम? तो घडी करून पिशवीत भरायची, परत काढायची, परत भरायची. मला कळत नव्हतं असं नाय. तिला घरी जायचं होतं.

बंगल्याचा ड्रायव्हर रायगडचा, सलीम. तो मस्करी करायचा. "खाला, म्हातारी परत गेली की तुझा व्हिसा खलास. तिच्या दुधात बदाम घाल, तिला इथं रमव."

"बदाम तू आण, दूध मी देते," मी हसून म्हटलं. पण ते माझ्या मनात बसलं. लेक तेव्हा शिकत होता – जाऊ दे, ते नको. कारणं सगळ्यांकडे असतात.

मॅडम सकाळी ऑफिसला जायची ती दिवस उतरता यायची. तिची गाडी यायच्या आधी मी काय करायची, माहीत आहे? आबोलीचं तोंड थंड पाण्यानं धुवायची. डोळे सुजलेले असले की ओलं फडकं ठेवायची. केस विंचरायची, पावडर लावायची, कोट कपाटात वर ठेवायची, तिचा हात पोचणार नाय तिथं. तिला वाटायचं मी माया करते. माझ्या हाताचा मुका घ्यायची.

मॅडम विचारायची, "अमिदा, मामा क्राय?"

"नो मॅडम. टीव्ही, खाना, स्लीप. हॅपी."

एकदा नाय. रोज.

म्हातारी लेकीसमोर रडायची नाय गं. लेकीला त्रास नको म्हणून असेल. म्हणजे सांगणारी मी एकटीच होते ना? आणि मी तिला एकदाही विचारलं नाय. तीन शब्द, तिच्याच बोलीतले. विचारलं असतं तर तिनं उत्तर दिलंन असतं. उत्तर ऐकलं असतं तर मग हॅपी कसं म्हणणार होते मी? म्हणून नाय विचारलं. ती रडायची नि मी पाठ करून कपडे घडी करायची.

एका दुपारी अशीच पाठ फिरवून उभी होते. ती रडता रडता थांबली. माझ्याकडे बघितलंन. आणि तीच मला म्हणते, "के ते पासा, अमिदा?"

त्याचं उत्तरही मला येत होतं. नादा, म्हटलं. काय नाय.

त्यानंतरच्या रमजानात ती झोपेतच गेली. घरी पोचली शेवटी – पेटीतनं. मॅडम पेटीबरोबर गेली नि परत आली. आईचे कपडे काढायला मला बोलावलंन. कपाटासमोर आम्ही दोघी. तो कोट तिनं वरनं काढलान, छातीशी धरलान, नि विचारलंन, "अमिदा, टेल मी. मामा हिअर, हॅपी?"

तेव्हा माझ्या व्हिसाचं काय ते ठरून गेलं होतं, ती मला नोटीस देऊन बसली होती. माझं काय जाणार नव्हतं आता.

मी म्हटलं, "हॅपी, मॅडम."

ती रडली. माझे दोन्ही हात धरलेन, थँक्यू म्हणाली, परत परत म्हणाली. मी धरू दिले.