चुलीवरचा ग्रंथमाळा

आमच्या विहारातल्या ग्रंथांना धुराचा वास यायचा आणि मला त्याची लाज वाटायची. लाज कशाची वाटून घ्यावी यालाही अक्कल लागते. ती मला नव्हती.

आमचं गाव वडिवळ्याच्या बाजूला. धम्म स्वीकारल्यावर आमच्या म्हाताऱ्यांनी दिवसभर दुसऱ्यांच्या भातखाचरांत राबून संध्याकाळी दगड वाहिले आणि विहार उभा केला. त्यातले एक आबा गवंडी होते. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो म्हणून त्यांनी त्या भिंतीला खिडकीच ठेवली नाही. ग्रंथांसाठी माळा केला तो थेट चुलीच्या खोलीवर, बोटबोट फट सोडून फळ्या ठोकून. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी वाचन, वाचनाला आलेल्यांना चहा, आणि चुलीची ऊब वर ग्रंथांना. छापील पुस्तक मिळेना तेव्हा आबांनी मागून आणलेल्या प्रतीवरून वंदना एका वहीत उतरवली, अर्थ आपल्या शब्दांत लिहिला. त्यांच्या लेकीला, सगळं गाव जिला मावशी म्हणतं तिला, अक्षरओळख नाही. वर्षावास संपला की आश्विन पौर्णिमेला ती वही माझ्याकडून वाचून घ्यायची. बापाचे शब्द कानावर पडायचे ते तेवढेच.

मी शिकलो, नोकरीला लागलो, तुंगार्लीला राहायला गेलो. पाहुणे आले की म्हणायचो, "याला ग्रंथालय म्हणायचं की धुराडं?" शेवटी एका उन्हाळ्यात पुढारपण करून मी माळा काढला, चूल फोडली, चकचकीत फरशी घातली आणि पश्चिमेच्या भिंतीला काचेचं कपाट बसवलं.

मावशी एवढंच म्हणाली, "आरं, तितं ओल धरती."

"मावशी, तुला काय कळतंय त्यातलं?"

असं म्हणालो मी, तिच्या बापाने बांधलेल्या भिंतीपुढे उभा राहून! वर कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली तुंगार्लीला नेली. रोजच्या वाचनाचा ग्रंथ बाहेर होता, त्यामुळे पावसाळाभर कपाट कुणी उघडलंच नाही.

आश्विन पौर्णिमेला मी ते उघडलं, तर बुरशीचा भपकारा आला. आबांच्या वहीचा लगदा झाला होता, शाई पसरून सगळं निळं. कशीबशी एका जागी उघडली. समोर मावशी पदर सावरून बसलेली, नजर वहीवर. खरं सांगायला जीभ रेटेना. गाथा पाठ होत्या, त्या म्हटल्या. आबांचा अर्थ काही आठवेना, तेव्हा माझ्या मनाचाच ठोकून दिला. इतका नीच मी कधी झालो नव्हतो.

वाचन संपलं. "लय ग्वाड म्हनलंस रं," मावशी म्हणाली. "पर येकदाबी पान उलटलं न्हाईस."

मी मान खाली घालून वही तिच्यापुढे धरली. तिने ती पदराने टिपली आणि वाळवायला म्हणून सवयीने चुलीकडे निघाली. तिथे माझ्या पसंतीची फरशी होती.